सैतानाच्या मनगटावरचं घड्याळ

"नीट बघ, आता सैतानाच्या मनगटावर माझं घड्याळ दिसेल," भार्गवराव नातीला म्हणाले. त्या स्वस्तातल्या भयपटात मुखवट्याआड आपणच होतो, याचा तेवढाच पुरावा उरला होता. पण घरातला नवा प्लेअर जुन्या कॅसेटमधल्या चुका आपोआप सुधारायचा. घड्याळ गेलं, पाठीवरची झिप गेली, सैतानाची फेंगडी चालसुद्धा सरळ झाली.

"हे तुम्ही नव्हेच," आजी म्हणाली. "इतक्या ऐटीत तुम्ही आपल्या लग्नातही चालला नव्हतात."

"आजोबांच्या थापा!" इरा खिदळली.

भार्गवराव चिडून, पंजे उगारून, गुरगुरत प्लेअरवर धावले. इरा किंचाळून आजीमागे लपली.

"आजी, हाच होता तो!"

भार्गवरावांचा राग जागच्या जागी उतरला. पुरावा पक्का करायला ते आणखी एकदा गुरगुरले.