दारापुढची हिरवळ

सर्जेरावांनी प्लास्टिकच्या गवताचा हातभर तुकडा ओट्यावर टाकला.

"हात लावून बघा, गुरुजी. पाणी न्हाई, कापणं न्हाई. दहा वर्षं बघायचं काम न्हाई."

निवृत्ती गुरुजींनी हात फिरवला. रंग हुबेहूब होता. वास तेवढा रबराचा.

पाटोद्याच्या त्या गृहनिर्माण सोसायटीचे सर्जेराव चेअरमन, गुरुजी सेक्रेटरी. दोन पावसाळे कोरडे गेले होते. आठवड्यातून एकदा टँकर यायचा, घरटी दोन ड्रम. अख्ख्या कॉलनीत हिरवं होतं ते एकट्या गुरुजींच्या दारात. त्यांच्या बायकोनं, सिंधुबाईंनी, लावलेलं लॉन, चार बाजांएवढं.

"टँकरचा थेंब घालत न्हाई आमी," सिंधुबाई दारातून म्हणाल्या. "धुण्याभांड्याचं पाणी हाय ते."

"मला ठाव हाय, वहिनी. पण लोकायला कोण सांगावं? परवा सभा हाय. सेक्रेटरीच्या दारात हिरवळ कावून, असं कुणी इचारलं तर मी काय बोलू?"

सिंधुबाई आत गेल्या.

गुरुजींनी तो तुकडा दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवून पाहिला. साडेदहालाच त्यावर तळहात टेकवेना. त्यांनी तसं बायकोला सांगितलंही.

"मग कशाला आणायचं?" त्या म्हणाल्या. "असू द्या ना माझं. एवढंच मागते."

एवढंच, हे खरं होतं. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी हट्ट असा केला नव्हता. पण रोज उजाडलं की त्या चपला काढायच्या, डोळे मिटायच्या आणि गवतावर अनवाणी तीन फेऱ्या मारायच्या. सावकाश, एकेक पाऊल दाबून. कुणी हाक मारलेली त्यांना चालायची नाही. गुरुजी ओट्यावरून बघत बसायचे. शुगरच्या गोळ्या, कडक पथ्य, जावयाच्या कटकटी, सगळं बाजूला ठेवून बाई तेवढी दहा मिनिटं सुखात असते, असं त्यांना वाटायचं.

अलीकडे बायकोचं लक्ष ठिकाणावर नसायचं. एकदा एका पायातली चप्पल फाटकातच निसटली, तरी बाई तशीच टँकरपर्यंत गेली. लोकांचे टोमणे जिव्हारी लागले असणार.

सभेत सर्जेरावांना बोलावंच लागलं नाही. कॉलनीतल्याच दगडाबाई उठल्या.

"माझी सून बाळंतीण हाय. लेकराला न्हाऊ घालायला तांब्याभर पाणी मोजून घेते मी. अन् हितं गवत पितंय." त्या गुरुजींकडे बघत होत्या. "तुमी तर आमचे गुरुजी."

धुण्याभांड्याचं पाणी, हे शब्द गुरुजींच्या ओठांवर आले आणि तिथंच राहिले.

त्याच आठवड्यात सिंधुबाई भाचीच्या लग्नाला तलवाड्याला गेल्या. गुरुजींनी स्वतः कुदळ घेतली. मुळं दाट बसली होती, सहज निघेनात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जागा साफ झाली आणि संध्याकाळी माणसं येऊन प्लास्टिक अंथरून गेली. सर्जेरावांनी पाठ थोपटली. दगडाबाई फाटकाशी येऊन बघून गेल्या. गुरुजींना त्या रात्री जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी सिंधुबाई दुपारच्या एसटीनं आल्या. बारा वाजून गेले होते. त्यांनी पिशवी फाटकाशी ठेवली आणि उभ्या राहिल्या.

"सिंधू," गुरुजी ओट्यावरून म्हणाले, "मला दुसरा इलाज न्हवता गं."

सिंधुबाई प्लास्टिकच्या कडेशी आल्या. चपला काढल्या. डोळे मिटले. आणि त्या प्लास्टिकवर चालू लागल्या, सावकाश, एकेक पाऊल दाबून.

हा राग आहे, गुरुजींना वाटलं. ती मला शिक्षा करते आहे. पहिली फेरी झाली, दुसरी झाली.

"लई तापलंय ते! हो बाजूला!"

त्यांनी तिसरी पुरी केली आणि ओट्याच्या पायरीवर येऊन बसल्या. गुरुजींनी धावत जाऊन त्यांचा पाय हातात घेतला. तळव्याला दोन टपोरे फोड आले होते.

"असा कसा गं राग? पोळलं तरी थांबायचं न्हाई?"

सिंधुबाईंनी वाकून आपला तळवा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"राग न्हाई हो," त्या म्हणाल्या. "दीड वर्ष झालं, रोज सकाळी चालून बघत होते, आज तरी पायाला काई कळतंय का."