मागच्या दाराची काच

महेंद्रने गाडीचं मागचं दार उघडलं आणि काचेचे तुकडे खळकन त्याच्या पायाशी सांडले.

"काच हाय मायापाशी, साहेब. जुन्या गाडीची हाय, पण चकाचक. एक घंटा लागन," तो म्हणाला. "काय काय गेलं?"

"एक बॅग," नंदकिशोर म्हणाला.

"पैसे व्हते?"

"नाही."

"कागदं?"

"नाही रे बाबा. तू काच बसव."

महेंद्र दाराचे स्क्रू काढायला लागला.

बॅगेत नंदकिशोरची आई होती. म्हणजे तिच्या अस्थी, लाल कापडात बांधलेल्या छोट्या मडक्यात. काल सकाळीच त्या स्मशानातून गोळा करून आणल्या होत्या. अस्थी घरात न्यायच्या नसतात, म्हणून लोक त्या पिंपळाला टांगून ठेवतात. उमाने तेच सांगितलं होतं. पण नंदकिशोरने तीस वर्षं सरकारी नोकरी केलेली. बायकोचं पहिल्या झटक्यात ऐकायचं नाही, ही सवय काही निवृत्तीबरोबर सुटत नाही.

"पिंपळावर माकडं हायेत," तो म्हणाला होता. "गाडीत ठेवतो. लॉक करतो."

आज सकाळी दारात येऊन पाहतो तर काच फुटलेली, बॅग लंपास.

आई गेली तेव्हाही तो जवळ नव्हता. औषधं आणायला गेला होता, दुकानात गर्दी होती, परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. निदान वैनगंगेपर्यंत तरी आपण नीट नेऊ, एवढं एकच त्याने मनाशी धरलं होतं. आता तेही गेलं. बारा वाजता घाटावर गुरुजी येणार होते. थोरली बहीण गीताताई जबलपूरहून निघालीसुद्धा होती. तिला काय सांगायचं, ते त्याला सुचत नव्हतं. मग जे दुरुस्त होण्यासारखं होतं ते दुरुस्त करायला तो इथे महेंद्रच्या दुकानात येऊन बसला होता.

"ताईले फोन करून सांगून टाका ना," शेजारी बसलेली उमा हळूच म्हणाली.

"काय सांगू? आई चोरीले गेली म्हणून?"

उमाने डोळ्यांना पदर लावला आणि ती दुकानाच्या मागे निघून गेली.

नवं मडकं आणावं, चुलीतली राख भरावी, कोणाला काय कळणार आहे, असा विचार नंदकिशोरच्या मनात येऊन गेला. त्याची त्यालाच इतकी लाज वाटली की त्याने खाली मान घातली. महेंद्रने दाराच्या पोटात हात घालून उरलेले तुकडे काढले, नवी काच खाचेत सरकवली आणि कडेने रबर दाबत आणलं.

"अहो!" मागून उमाचा आवाज आला. "अहो, इकडे या लवकर!"

नंदकिशोर धावला. दुकानामागे मोठा पिंपळ होता. त्याच्या खालच्या फांदीला, हात पोचेल एवढ्या उंचीवर, लाल कापडात बांधलेलं मडकं लटकत होतं. बॅग कुठेच नव्हती.

महेंद्रही हात पुसत मागे येऊन उभा राहिला. त्या लाल कापडाकडे पाहून त्याला सगळं समजलं.

"काल सात वाजता म्या शटर पाडलं, तवा येथं काईच नव्हतं," तो म्हणाला. "चोर बी माणूसच हाय, साहेब. बॅगेत हे पाह्यलं असन अन् घाबरला असन. बॅग ठेवली, हे टांगून गेला."

"मी म्हटलंच होतं तुमाले, पिंपळाले टांगा म्हणून," उमा रडता रडता हसली. "चोराले समजलं, तुमाले नाही समजलं."

"हौ, बाई. हौ," नंदकिशोर म्हणाला. बायकोचं इतक्या आनंदाने त्याने आयुष्यात कधी कबूल केलं नव्हतं.

त्याने गाठ सोडली आणि मडकं छातीशी धरलं. कालच्यापेक्षा ते हलकं लागलं. काल जीवच जड झाला होता, त्याचं ते ओझं असणार. तो तिथेच लहान पोरासारखा रडला आणि कोणीही त्याला गप्प केलं नाही.

"काच दोन-तीन घंटे खाली नका करू," निघताना महेंद्रने बजावलं. "अन् वापस जाताना एकदा दाखवून जा."

घाटावर सगळं वेळेत पार पडलं. गीताताईने नव्या काचेकडे पाहिलंदेखील नाही. नंदकिशोर गुडघाभर पाण्यात उतरला, मडकं पालथं केलं, आणि वैनगंगेने आई आपल्याजवळ घेतली. "सुटली रे माय," ताई म्हणाली. किती तरी दिवसांनी नंदकिशोरला पोटभर श्वास घेता आला. ताईला गुरुजींबरोबर घरी पाठवून तो आणि उमा परत निघाले. वाटेत त्याला चक्क भूक लागली. उमाने प्रसादाचा पेढा त्याच्या हातावर ठेवला.

महेंद्रच्या दुकानाशी त्याने गाडी थांबवली. महेंद्र कुठेतरी गेला होता. पिंपळाखाली मात्र एक म्हातारा उभा होता. पांढरी टोपी, हातात पिशवी, मान वर करून तो एकेक फांदी तपासत होता. गाडी पाहून तो लगबगीने जवळ आला आणि त्याने मागच्या काचेवर टकटक केली.

मागे बसलेल्या उमाने काच खाली केली. ती अगदी अलगद उतरली.

"बाई," म्हातारा हात जोडून म्हणाला, "काल रातच्याले या झाडाले लाल मडकं बांधून गेलतो. मायी घरवाली व्हती त्याच्यात. तुमी पाह्यलं काय?"