नितळ पाण्याचा तांब्या

सूत रंगवायच्या कारखान्यामागच्या वस्तीत बोअरला गुलाबी पाणी येतं. काळी चिकणमाती त्यात ढवळली की मातीचे कण रंग स्वतःला चिकटवून घेऊन तळाशी बसतात, हे मी काल शाळेत मुलांना दाखवलं. आज त्यांतल्याच धम्मप्रियाच्या घरी गेलो, तर तिनं दारातच पाण्याचा तांब्या पुढं केला. "घ्या गुरुजी! तुमी दावलं तसंच केलंय. आता टँकरची वाट बगायला नगं." पाणी नितळ होतं. माझा हात मात्र पुढं होईना. "बाळ, मातीनं काय धरलं?" "रंग." "आणि ज्या विषाला रंगच नसतो, ते?" "त्ये दिसंल कसं?" "दिसत नाही. तपासावं लागतं." तिचं हसू मावळलं. तांब्या तसाच ठेवून ती आत धावली. धाकट्या भावाच्या तोंडचा पेला तिनं हिसकावला. "रत्न्या, किती प्यालास?" "सकाळधरनं ह्येच पितोय की, ताई. लई ग्वाड लागतंय."