अकरा घरांतली गौर

निमाने लाल मातीत शेणखत मळून लिंबाएवढे चाळीस बीजगोळे वळले आणि प्रत्येकात तेरड्याची एकेकच बी दडवली. बियाणे बँकेत तेवढ्याच उरल्या होत्या. मधमाश्या संपल्यापासून शेतांवर यंत्रमाश्या फिरत, पण त्यांना फक्त पिकांची फुलं ओळखता यायची. रानफुलाकडे त्या ढुंकूनही बघत नसत, मग बी धरणार कशी?

टेकडीवर टाकलेल्या गोळ्यांतली अकरा रोपं जगली. श्रावणात ती फुलली, तशी निमा रोज शाळा सुटली की कुंचला घेऊन पळायची आणि स्वतःच माशी व्हायची.

"थोडं गुणगुणत पण जा गं," सुलूआत्या चिडवायची.

भाद्रपदात अकराही रोपांना हिरव्या शेंगा लागल्या. आता फक्त आठ दिवस, की बी पक्की. निमाचे पाय जमिनीवर ठरेनात.

आणि आज ती घरी आली, तर दारापासून आतपर्यंत रांगोळीची पावलं. सुपात, मुळांसकट, हळदकुंकू लावलेला तेरडा.

"बारा वर्षांनी खरी गौर आली बघ," आत्याचे डोळे भरले होते. "नाहीतर ती मेली प्लास्टिकची. अकरा घरांत एकेक दिली. पुढच्या वर्षी जास्त गोळे टाकू हं."

निमाने हळूच एक शेंग दाबली. आत नुसतं पांढरं पाणी, बी पक्की झालीच नव्हती.

वाडीतल्या सगळ्या बायका तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. आत्याने सूप तिच्याच हातात दिलं आणि रीतीप्रमाणे विचारलं,

"गौर आली कशाच्या पावलानं?"

निमाने रांगोळीच्या पहिल्या पावलावर पाय ठेवला.

"सोन्याच्या पावलानं," ती म्हणाली.