अकरा ते बाराची परवानगी

"आता काय झालं?" सलिलने विचारलं.

संगमेश्वर सोडल्यापासून गाडी तिसऱ्यांदा थांबली होती. पुढे हायवे तुंबलाय असं कळल्यामुळे आतल्या घाटरस्त्याने जायचं ठरलं होतं, आणि आता हे.

"काय नाय सर. वायच बघतो," म्हणत ड्रायव्हर बाबल्या उतरला. मागच्या चाकापाशी वाकला, फडक्याला हात पुसत परत आला. पंचावन्नचा किडकिडीत माणूस. हळूच म्हणाला, "पुढं टपरी हाय सर. तिथं अर्धा तास थांबू. मालकाला फोन लावतो."

"चहा आता पोफळीला," सलिल म्हणाला. "अकरा ते बारा, एवढीच परवानगी आहे. बारा वाजले की कोणी आत घेणार नाही. काल तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."

बाबल्या मागे बसलेल्या मुलांकडे बघत राहिला. मग त्याने गाडी चालू केली.

सलिल रत्नागिरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. पोफळीचं वीजघर नववीला दाखवायचं म्हणून तो दोन वर्षं अर्ज करत होता. पहिल्या वर्षी उत्तर आलं नाही, दुसऱ्या वर्षी आलं तेव्हा परीक्षा सुरू होती. या वर्षी सगळं जमलं होतं. मुलांनी स्टीलचे चमचे आणि सायकलचा डायनमो जोडून नळाखाली फिरणारी टर्बाइन केली होती, तिच्यावर बारका दिवाही लागला होता. स्वानंदी तर वहीत सव्वीस प्रश्न लिहून आली होती. आणि हा माणूस गाडी बैलगाडीसारखी हाकत होता.

घाटमाथ्याच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, गाडी पुन्हा थांबली. दहा वाजून गेले होते.

"पोरांनो, उतरा सगळी!" बाबल्या मोठ्यांदा म्हणाला. "हितनं खाली पायवाट हाय. ऐन, किंजळ, सगळी झाडं बघायला मिळतील!"

"कोणी उतरणार नाही," सलिल म्हणाला. पण चार तास बसून आंबलेली मुलं तोवर दाराशी पोचली होती.

"अहो, कसली झाडं? आपण वीजघर बघायला निघालोय!"

"खाली दोन किलोमीटर हाय सर. पायवाटेनंच जा, रस्त्यावर नको. मी खाली भेटतो."

मुलांना प्रकल्पासाठी जांभ्या दगडाचा नमुना आणायचा होता. दोघांनी सड्यावरून बोटाएवढे तुकडे उचलले, तर बाबल्या म्हणाला, "चिमणे काय आणता? चांगले दोन हातांत मावतील असे आणा." असे सहा-सात दगड त्याने आपल्या सीटपाशी रचून घेतले. सलिलने कपाळावर हात मारला. रिकाम्या गाडीत बसून एकट्यानेच घाट उतरून पुढे जावं असंही त्याच्या मनात आलं, पण बेचाळीस मुलं रानात कोणाच्या भरवशावर सोडणार?

मुलं मात्र खुशीत होती. वेदने ऐनाच्या खोडावर तळवा ठेवला आणि ओरडला, "सर, मगरीच्या पाठीसारखं लागतंय!" एरवी सलिलने सगळ्यांना तिथे थांबवलं असतं, सालीची जाडी मोजायला लावली असती. आज तो म्हणाला, "चला, पाय उचला."

वरच्या वळणांवरून गाडीची घरघर ऐकू येत होती. त्यात हॉर्न. थांबतच नव्हता. घाटात कोणी नसताना वरात निघाल्यासारखा वाजत होता.

"लाज नाही माणसाला," सलिल पुटपुटला.

ते खाली पोचले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. गाडी रस्त्यावर नव्हतीच. भातखाचराच्या बांधात नाक खुपसून उभी होती. डावी बाजू दरडीला घासून पार खरवडली होती, एक आरसा गायब होता. बाबल्या बांधावर बसला होता. कोपर सोलवटलं होतं.

"पोरं आली सगळी?" त्याने विचारलं.

"पोरांचं तुम्ही सांगू नका!" सलिलचा आवाज चढला. "प्यायलात की काय? मुलं असती आत तर?"

"नाय सर. गाडीचं..."

"एक शब्द नको!"

सलिलने वीजघरात फोन लावला. तिकडचे साहेब नीट बोलले. बारानंतर जमणार नाही, पुढच्या वर्षी नवा अर्ज करा, म्हणाले. स्वानंदीने वही दप्तरात घातली आणि चेन लावली. तिच्याकडे बघून सलिलने दुसरा फोन गाडीच्या मालकाला लावला. उशीर, हॉर्न, बांध, सगळं सांगून टाकलं.

"मुलं कशी आहेत?" मालकाने आधी विचारलं. मग म्हणाला, "गाडीला कोणाला हात लावू देऊ नका. दुसरी गाडी पाठवतो. त्या बाबल्याला फोन द्या."

निदान मालक तरी जबाबदार आहे, असं सलिलला वाटलं. बाबल्या कानाला फोन लावून नुसता ऐकत राहिला. फोन परत देताना म्हणाला, "उद्यापासनं येऊ नको म्हणाले." त्याने किल्ली सलिलच्या हातात ठेवली, मुलांकडे एकदा बघितलं आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागला. स्वानंदीने "काका!" अशी हाक मारली. सलिलने तिला गप्प केलं.

दीडच्या सुमाराला दुसरी गाडी आली. ड्रायव्हर हर्षद, पंचविशीतला, हसरा. मुलं डबे खात बसली होती. खाचर मोकळं व्हावं म्हणून हर्षदने किल्ली मागितली आणि बांधातली गाडी मागे घ्यायला तो आत चढला. मालकाचं बोलणं सलिलच्या ध्यानात राहिलं नाही.

हर्षदने एकदा पाय दाबला. पुन्हा दाबला. मग खाली उतरून तो मागच्या चाकाशी वाकला, जिथे सड्यावरचे ते दगड अटकवलेले होते, आणि उठला तेव्हा त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. तो घाटाच्या वळणांकडे बघत राहिला.

"सर, हिला ब्रेकच नाही. तेल वरपासून सांडत आलंय. ही खाली आणली कोणी?"