सूरींचा बॉल

"पहले ये नाम हटाइए," उन्मेष दुकानदाराला म्हणाला.

नोएडाच्या नव्या मॉलमध्ये, बोलिंगच्या लेनशेजारी ते एवढंसं दुकान होतं. काउंटरवर एक जुना, काळपट निळा बॉल होता आणि त्यावर आधीच्या मालकाचं नाव कोरलेलं होतं: सूरी. बोटं घालायची तीन भोकंही सूरींच्याच मापाची होती. उन्मेषची बोटं त्यांत खुळखुळत होती. ऑफिसच्या टीममध्ये सगळ्यांकडे स्वतःचा बॉल, फक्त याच्याकडे नाही, म्हणून हा सेकंडहँड शोधून काढला होता.

दुकानदारानं चष्मा कपाळावर सरकवला. जुनी भोकं भरून नवी पाडता येतील, नावही भरून टाकता येईल आणि वर उन्मेषचं कोरता येईल, असं तो म्हणाला.

"टिकेगा?"

"पुराना माल है, साब. बस, गर्मी में गाडी की डिक्की में मत छोडना, फट जाएगा. बाकी आपसे ज्यादा चलेगा."

उन्मेष हसला आणि बायकोकडे वळला. "दुसऱ्याच्या नावाच्या बॉलनं खेळायचं म्हणजे उसन्या कपड्यांत लग्नाला गेल्यासारखं वाटतं यार, हेमांगी."

हेमांगीला हसू आलं नाही. लग्न होऊन ती दिल्लीत, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आली त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. तिथल्या प्रत्येक भांड्यावर 'सौ. अलकनंदा' असं नाव घातलेलं होतं. अलकनंदा ही उन्मेषची पहिली बायको. ती आजारपणात गेली, भांडी मात्र ठणठणीत राहिली. एखाद्या तरी भांड्यावर माझं नाव घालू या, असं हेमांगी एकदा म्हणाली होती. "भांड्यावरचं नाव कोण वाचतं?" असं म्हणून त्यानं पेपर उघडला. ती रोज वाचायची. नवी कामवाली तर तिलाच अलकनंदा भाभी म्हणायची, आणि ती मुकाट्यानं ओ द्यायची.

दुकानदारानं कोरायचं मशिन चालू केलं. त्याची घरघर ऐकली आणि हेमांगीनं पिशवीतून थालीपिठांचा डबा काढला. तिला राग आला होता, आणि भीतीही वाटत होती.

"भैया, स्टील पे भी लिखते हैं?"

"सब पे लिखते हैं. क्या नाम?"

"हेमांगी."

त्यानं झाकण उजेडात धरलं, मग काउंटरवर ठेवून त्यावरच्या 'सौ. अलकनंदा'वरून अंगठा फिरवला. "पुराना वाला घिस दूँ, मॅडम? पता भी नहीं चलेगा."

हेमांगी उन्मेषकडे बघत राहिली. हो म्हणणं तिच्या ओठांवर होतं, पण ते त्यानं म्हणावं अशी तिची इच्छा होती.

उन्मेषनं हात लांब केला आणि झाकणावर ठेवला. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"ते राहू दे," तो म्हणाला.

"बरं, राहू दे," हेमांगी हळूच म्हणाली. "माझं त्याच्या शेजारी घालतील."

त्यांचं मराठी दुकानदाराला कळलं नसावं. मशिन हातात घेऊन त्यानं विचारलं.

"तो मॅडम का नाम कहाँ लिखूँ, साब?"

उन्मेषचा पंजा झाकणभर पसरला होता. त्यानं तो काढला नाही.