दाराकडची खुर्ची

सुट्टीवर आले की फौजेतले ते दोघे शिपाई रोज चहावाल्याच्या दुकानात यायचे आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी हटकून भांडायचे. दोघांनाही हवी असायची दाराकडे तोंड केलेली खुर्ची. लंबू बारक्याला ढकलायचा, बारक्या खुर्चीचा पायच धरून बसायचा. त्या खुर्चीला असं काय सोनं लागलंय, ते चहावाल्याला काही केल्या कळेना. एकदा त्याने मुद्दाम दोन खुर्च्या दाराकडे तोंड करून शेजारी शेजारी मांडल्या, तर दोघांनीही नाक मुरडलं.

या खेपेला लंबू एकटाच आला आणि मुकाट्याने त्या खुर्चीत बसला.

"आज बिनविरोध निवडून आलात की साहेब!" चहा ठेवत चहावाला हसला. "आता तरी सांगा, आहे काय एवढं या खुर्चीत?"

"डोंबल आहे," दारावरची नजर न काढता लंबू म्हणाला. "इथे बसणाऱ्याने दार राखायचं. चहा निवून जातो, तरी लक्ष नसतं. निवांत पितो तो समोरचा, दाराकडे पाठ केलेला."

"मग भांडत कशाला होता?"

"दुसऱ्याला निवांत पिता यावा म्हणून. खंदकातही हेच. ड्रोन येतंय का बघायला बाहेर तोंडाशी कुणी बसायचं, यावरून रोज हमरीतुमरी." पहिल्यांदाच दारावरची नजर काढून त्याने कपाकडे पाहिलं. "मागच्या महिन्यात बारक्या जिंकला."